तंजावरला जाताना

प्रवासाची माहिती देणारे लेखन आपण अनेकदा वाचतो. गाडी कोठून सुटते, उतरायचे कोठे, देऊळ केव्हा उघडते, बरोबर काय घ्यावे, एवढेच त्यात असते. अशा लेखनात अलंकार नसतात. परंतु माहिती चुकली तर वाचणाऱ्याची पायपीट होते. या पाठात आपण तमिळनाडूतील तंजावर या शहराची अशीच माहिती घेणार आहोत. मराठीच्या पुस्तकात तमिळ मुलखातले शहर कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले येथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, हे शहर मराठी राजघराण्याची राजधानी होते. व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, हे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. त्या काळातले पुष्कळ मराठी लेखन तंजावरात अजून आहे. काही दगडावर, काही कागदावर. पाहणारे रोज शेकड्यांनी येतात, वाचणारे थोडे.

प्रथम नकाशा उघडा. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे अनेक फाट्यांत विभागते, त्या सपाट, पाणथळ भागात तंजावर आहे. भोवती भाताची शेते आहेत. तमिळनाडूचे धान्याचे कोठार अशीच या प्रदेशाची ओळख आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने रेल्वेने चेन्नई गाठावी आणि तेथून तंजावरची गाडी धरावी. येथे एक सावधगिरी हवी. चेन्नईत मोठी स्थानके एकापेक्षा अधिक आहेत. मुंबईकडून येणाऱ्या काही गाड्या सेंट्रल स्थानकात थांबतात. तंजावरच्या गाड्या मात्र एग्मोर किंवा तांबरम येथून सुटतात. तिकिटावर स्थानकाचे जे नाव छापलेले असेल ते शांतपणे वाचावे आणि मधल्या प्रवासासाठी दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. ‘उळवन एक्स्प्रेस’ ही रात्रीची गाडी सोयीची आहे. उळवन म्हणजे शेतकरी. भाताच्या मुलखात जाणाऱ्या गाडीला हे नाव शोभते. विमानाने जायचे झाल्यास तिरुचिरापल्ली हा जवळचा विमानतळ आहे. तेथून तंजावर साठ किलोमीटरच्या आतच आहे.

बसने येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तंजावरात बसस्थानके दोन आहेत. जुने स्थानक किल्ल्याजवळ, शहराच्या मध्यभागी आहे. नवे स्थानक शहराबाहेर काही किलोमीटरवर. जुन्याला तमिळमध्ये ‘पळैय’ आणि नव्याला ‘पुदिय’ म्हणतात. हे दोन शब्द मला ठाऊक नव्हते, म्हणून पहिल्या खेपेस मी भर दुपारी नव्या स्थानकावर उतरून मोठे देऊळ शोधत बसले होते. रेल्वेने आल्यास ही अडचण येत नाही. स्थानकातून बाहेर पडताच गांधीजी रस्ता लागतो. तो उत्तरेकडे जुन्या बसस्थानकापर्यंत जातो, आणि राहण्याची बरीचशी ठिकाणे त्याच रस्त्यावर व त्याच्या आसपास आहेत.

तंजावरातील पाट्या मुख्यतः तमिळ लिपीत असतात. मोठ्या रस्त्यांवर इंग्रजीही असते, पण गल्लीतल्या दुकानावर किंवा शहरातल्या बसवर ते असेलच असे नाही. आयुष्यभर वाचत आलेला माणूसही येथे क्षणभर निरक्षर होतो. मोठेपणी अक्षरओळख झालेल्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी लाज न बाळगता विचारावे लागते, हे त्यांना अधिक चांगले माहीत असते. देवळाला ‘कोविल’, राजवाड्याला ‘अरण्मनै’, ग्रंथालयाला ‘नूलगम’ म्हणतात. ‘एंगे?’ म्हणजे ‘कोठे?’ आणि ‘एव्वळवु?’ म्हणजे ‘किती?’. मराठी माणसाला एक सवलत आहे: ‘ळ’ हा उच्चार त्याच्या तोंडात आधीच बसलेला असतो.

आता शहराच्या रचनेकडे वळू. तंजावर हे केवळ बाजारपेठेच्या बळावर वाढलेले गाव नाही. एकामागून एक आलेल्या राजवटींनी राजधानी म्हणून त्याची आखणी केली. चोळ राजा पहिला राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे देवालय १०१० मध्ये पूर्ण झाले. या देवालयातील तमिळ शिलालेखांत त्याने दिलेली दाने नोंदलेली आहेत. त्यांतील एक नोंद मला विशेष वाटते. देवळाच्या सेवेसाठी चारशे नर्तकींना आणून वसवले, त्यांची नावे तेथे कोरली आहेत; आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती मूळची कोणत्या गावची, तिला कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीतले कितवे घर दिले, हेही लिहिले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या शहरातले घरक्रमांकांसहित पत्ते आपल्याला मिळतात, ते असे. पुढे राजराजाचा मुलगा राजेंद्र याने आपली राजधानी गंगैकोंडचोळपुरम येथे नेली. तंजावरला पुन्हा राजधानीचा मान मिळाला तो सोळाव्या शतकात, नायक राजांच्या काळी. बृहदीश्वराभोवतीचा लहान किल्ला, राजवाडा असलेला मोठा किल्ला आणि त्यातील चार दिशांचे चार हमरस्ते ही रचना नायकांच्या काळची आहे. मराठे आले ते या आयत्या चौकटीत. त्यांनी ती मोडली नाही, आतून वाढवली. त्यामुळे आजच्या प्रवाशाला वाट सापडणे सोपे जाते. देऊळ नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आणि राजवाडा ईशान्येकडे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दोहोंमधले अंतर चालण्याजोगे आहे, पण उन्हाळ्यात रिक्षा करावी.

देवळात जायला प्रवेशशुल्क नाही. ते संरक्षित स्मारक असले, १९८७ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत असले, तरी पूजाअर्चा चालू असलेले देऊळ आहे. दुपारी साडेबारापासून चारपर्यंत गाभारा बंद असतो. पहाटे लवकर किंवा चारनंतर जावे, याला आणखी एक कारण आहे: पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि भर दुपारी प्रांगणातली फरसबंदी तव्यासारखी तापते. दोनशे फुटांहून उंच असलेल्या दगडी विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे वाटाडे सांगतात. सावली पडते. संध्याकाळी जाऊन आपण स्वतः पाहावी. समोरचा एकाश्म नंदी पाहून तो चोळांचाच, असे बहुतेकांना वाटते. तो नायकांच्या काळातला आहे.

मुख्य देवालय पाहून बहुतेक मंडळी परत फिरतात. आपण फिरू नये. प्रांगणाच्या नैर्ऋत्य भागातील भिंतीकडे जावे. तेथे काळसर दगडावर देवनागरी अक्षरे दिसू लागतात. एक ओळ, दुसरी ओळ, आणि मग मजकूर संपतच नाही. हा ‘भोसलेवंशचरित्र’ नावाने ओळखला जाणारा मराठी शिलालेख. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबुराय यांनी तो रचला. त्याची तारीख १३ डिसेंबर १८०३, म्हणजे शके १७२५. भोसले कुळाच्या उगमापासून सरफोजींपर्यंतचा वृत्तांत त्यात आहे. शहाजीराजे, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि त्यांच्यामागून तंजावरच्या गादीवर आलेले राजे, सर्वांची हकिगत क्रमाने येते. भारतातील अतिशय विस्तृत शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

राजाने आपल्या घराण्याचा इतिहास असा देवळाच्या भिंतीवर का कोरवला असेल? तारखेकडे लक्ष द्या. १७९९ मध्ये झालेल्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. सरफोजींकडे उरला तो किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख. त्यानंतर चारच वर्षांनी हे अक्षर कोरले गेले. राज्य हातून गेलेल्या राजाने ‘आम्ही कोण’ हे दगडावर लिहून ठेवले, असा त्याचा अर्थ मी लावते. इतिहासकारांनी हा मजकूर जसाच्या तसा खरा मानलेला नाही, वंशाच्या उगमाविषयीचा भाग तर पुराणकथेच्या जवळ जातो. पण लिहिण्यामागची निकड खरी आहे.

हा लेख वाचणे सोपे नाही. शब्द तोडून लिहिण्याची आजची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. दगडही ठिकठिकाणी झिजला आहे. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेली मी, पहिल्या भेटीत अर्धा तास उभी राहिले आणि मला सलग दोन ओळीसुद्धा लावता आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात गेले तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसल्या. मग ‘राजे’ हा शब्द सापडला, नंतर एक नाव आणि त्यापुढचे क्रियापद. आपण गेलात तर असेच करावे. संपूर्ण लेख लावण्याच्या भरीस न पडता ओळखीचे शब्द शोधावेत. अक्षरांवर खडू, पाणी किंवा बोट फिरवू नये. ज्यांना सारा मजकूर हवा आहे त्यांच्यासाठी सरस्वती महाल ग्रंथालयाने तो पुस्तकरूपाने छापलेला आहे.

देवळाच्या उत्तरेस शिवगंगा उद्यान आहे आणि त्यात १७७९ मध्ये बांधलेले एक साधे चर्च. ते पाहायला फार वेळ लागत नाही, पण चुकवू नये. आत संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवर धर्मोपदेशक श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हातात घेऊन उभे असलेले सरफोजी. श्वार्ट्झ हे सरफोजींचे शिक्षक. १७९८ मध्ये ते वारले, तेव्हा शिष्याने जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून हे शिल्प करवून घेतले.

राजवाड्यासाठी निराळा दिवस ठेवावा, आणि तो बुधवार नसावा. कारण सरस्वती महाल ग्रंथालय बुधवारी व सरकारी सुट्टीच्या दिवशी बंद असते. राजवाड्याच्या आवारात मराठा दरबार, उंच मनोरे आणि १९५१ मध्ये सुरू झालेले कलादालन आहे. कलादालनातील चोळकालीन ब्राँझमूर्ती जगात नावाजलेल्या आहेत. तिरुवेंगाडू येथील वृषभवाहन शिव शोधून पाहावा. नंदीवर हात टेकून उभा असलेला हा शिव. नंदी आज नाही, परंतु टेकलेला हात पाहताना त्याची उणीव भासत नाही.

ग्रंथालय हे मात्र राजवाड्याचे हृदय आहे. नायकांच्या वेळची पोथीशाळा मराठा राजांनी सांभाळली आणि सरफोजींनी ती अमाप वाढवली. १८२० च्या सुमारास ते हजारो माणसांसह काशीयात्रेस निघाले; वाटेत आणि काशीत त्यांनी पोथ्या मिळवल्या, नकला करवल्या. त्या यात्रेवर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ ही मराठी रचनाही झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा. मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत.

सामान्य प्रवाशाला लहानसे प्रदर्शन पाहता येते. तेथे ताडपत्रे, नकाशे, जुनी चित्रे मांडलेली आहेत. हस्तलिखित हाताळायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा ओळखपत्र आणि कामाचे स्वरूप सांगणारे पत्र बरोबर असावे. प्रकाशन विभागात जाण्यास मात्र कसलीच आडकाठी नाही. येथे अनेक मराठी ग्रंथ छापले गेले आहेत. सरफोजींनी तंजावरात देवनागरी छापखाना घातला होता आणि त्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर निघाले, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटकही आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगराळ मुलखातली स्त्री. या नाटकात ती गाण्यांमधून जगाचा भूगोल सांगते: खंड, देश, नद्या, शहरे. पृथ्वीच्या पाठीवरील दूरदेशांची माहिती मराठीत, तीही गात गात देण्याचा हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या राजवाड्यात चालला होता.

या ग्रंथालयातला सर्वांत कमी वाचला गेलेला भाग म्हणजे राजदरबाराचे मोडी दफ्तर. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला आपल्याकडे ‘रुमाल’ म्हणतात. असे तेराशेंहून अधिक रुमाल येथे आहेत. त्यांत मोठी राजकारणे थोडी आणि रोजचे व्यवहार पुष्कळ: कोणाला किती धान्य दिले, कोणत्या उत्सवाला काय खर्च झाला, कोणत्या वैद्याला काय मिळाले. भाषा मराठी, लिपी मोडी. महाराष्ट्रातही विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेली, त्यामुळे ही भाषा घरात बोलणाऱ्यालाही हे कागद वाचता येत नाहीत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. परिणामी आज अशी स्थिती आहे की तंजावरच्या मराठी दरबारातला एखादा हिशेब तमिळ वाचक आपल्या भाषेत वाचू शकतो आणि मराठी वाचक मूळ कागदापुढे थांबून राहतो. मोडी शिकण्याचे वर्ग महाराष्ट्रात चालतात. लिपी काही महिन्यांच्या सरावाने हाती येते. मला स्वतःला ती पन्नाशीत आली, आणि अजूनही ‘स’ आणि ‘म’ यांच्यापाशी अडखळायला होते.

तंजावरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. त्यांच्या बोलीत जुनी रूपे टिकली आहेत आणि तमिळचा हेलही आला आहे. बरेच जण घरी मराठी बोलतात पण लिहिताना तमिळ लिहितात. अशी भेट झाल्यास त्यांचे मराठी सुधारण्याचा मोह टाळावा. ते अशुद्ध नाही, वेगळ्या वाटेने गेलेले आहे. त्यांच्याकडून तमिळनाडूला मिळालेल्या गोष्टी स्वयंपाकघरातही दिसतात. उडदाच्या पिठाचे डांगर तेथे ‘डांगर पच्चडी’ झाले, पुरणाची पोळी ‘पोळि’ झाली. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडले, अशी कथा आपल्याला प्रत्येक खाणावळीत ऐकायला मिळेल. ती आख्यायिका आहे. लेखी पुरावा नाही. कीर्तनाचा प्रभाव मात्र निश्चित आहे. मराठी कीर्तनकारांचे ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथा घडवली, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आजही चालतात.

जाण्यास डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आपल्याकडचा पावसाळा संपतो तेव्हा तेथला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत परतीचा मोसमी पाऊस जोरात पडतो. जानेवारीत बहुधा जवळच्या तिरुवैयारू येथे त्यागराजांचा आराधना-उत्सव असतो, तेव्हा राहण्याची जागा आधी ठरवावी. दोन दिवसांत तंजावर पाहून होते. तिसरा दिवस हाताशी असेल तर बहुतेक पुस्तके कुंभकोणम आणि दारासुरमकडे पाठवतात. तेही योग्यच. परंतु मी दक्षिणेला, सुमारे पंचवीस किलोमीटरवरील ओरत्तनाडूला जाण्यास सांगेन.

तेथे मुक्तांबाळ छत्र आहे. सरफोजींनी आपल्या दिवंगत प्रिय सखीच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी बांधले. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. त्यांपैकी बहुतेक राजघराण्यातील स्त्रियांच्या नावांनी आहेत. कंपनीकडे कारभार गेल्यावर ही छत्रे बंद पडतील, अशी भीती सरफोजींना वाटली. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले आणि छत्रांत काय चालते ते तपशिलाने कळवले. तो तपशील म्हणजे त्या काळची प्रवासी माहितीच आहे. ब्राह्मणापासून परैयर जातीच्या माणसापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजवलेला भात मिळे. शिजवलेले नको असेल त्याला कोरडा शिधा. ज्याला पुढे चालवत नाही त्याला बरे वाटेपर्यंत ठेवून घेत, वैद्य औषध देई. वाटेत आईबाप दगावलेल्या मुलांना सांभाळून शिक्षकाकडे सोपवले जाई. गर्भवती स्त्रियांची काळजी घेतली जाई. मध्यरात्रीपर्यंत अन्नवाटप चाले; मग घंटा वाजवली जाई, आणि अजून कोणी जेवायचा राहिला असेल तर त्याने यावे, त्याच्यासाठी भात ठेवलेला आहे, असा तिचा अर्थ असे.

१८५५ मध्ये शिवाजी राजे दुसरे पुत्राविना वारले, राज्य खालसा झाले आणि छत्रांचा कारभार सरकारकडे गेला. ओरत्तनाडूच्या वास्तूत पुढे विद्यार्थी राहू-शिकू लागले. तंजावरहून बसने तेथे पोहोचण्यास सुमारे तास लागतो. गावात उतरल्यावर ‘छत्र’ न म्हणता ‘सत्तिरम’ म्हणावे. कोणीही वाट दाखवील.